बोलून, हसून, चावून

दंतवैद्याच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती, आणि त्या खोलीत खिडकीकडे पाठ करून एक बाई एकोणीस वर्षं लोकांचे दात करत बसली होती. समोर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, चार जातींच्या कानशी, आणि फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. नवा माणूस दारातून डोकावला की एवढी सगळी तोंडं उघडी बघून त्याचं मिटायचं.

तिच्या हाताला दोन खोडी होत्या. पहिली म्हणजे कवळी कितीही देखणी झाली तरी त्यातला एक दात ती केसभर वाकडा बसवायची. सगळे सरळ दात दुकानातल्या काचेमागे शोभतात, तोंडात नाही, असं तिचं म्हणणं. हात चालू असला की ओठातल्या ओठात काहीतरी गुणगुणायची, तेही दातांवरच:

पहिला बसवते दात, ओठांच्या उंबऱ्याशी,
जरा वाकडा राहू दे, बोलेल तो माणसाशी.

दुसरी खोड डॉक्टरांना जास्त छळायची. कवळी तयार झाली की ती स्वतः तबकात घालून पुढच्या खोलीत न्यायची, खुर्चीवरच्या माणसासमोर स्टूल ओढून बसायची आणि म्हणायची, "बोला. आता हसा. आता हे चावा." चावायला ती सफरचंदाची फोड द्यायची. तिन्ही गोष्टी मनासारख्या झाल्याशिवाय कवळी तोंडात राहायची नाही, पुन्हा तबकात यायची. बाहेर बाकावर पाचजण गाल धरून बसलेले असोत, हिचं आपलं चाललेलं, "आजोबा, असं पाहुण्यासारखं नका हसू. घरच्यासारखं हसा."

मग मशीन आलं. कपाटाएवढं, पांढरं, आतून निळा उजेड. डॉक्टर त्याच्याभोवती नव्या जावयाभोवती फिरावं तसे फिरत होते.

"ताई, तोंडाचा फोटो घ्यायचा, कॉम्प्युटरवर दात आखायचे, हे कोरून देतं. चार दिवसांचं काम दीड तासात."

"आणि मी?"

"तुम्ही आहातच की. वर्षअखेरपर्यंत आहे तसं चालू दे. मग डबे भरायचे, पत्ते चिकटवायचे. बसून काम आहे. डोळ्यांना त्रास नाही."

एकोणीस वर्षं ज्या हातांनी सुळे घडवले, त्यांनी आता डब्यांवर पत्ते चिकटवायचे. ती पुन्हा मेणाकडे वळली. त्या दिवशी तिनं ज्याचे दात केले, त्याचे मात्र दोन वाकडे झाले.

घरी ही बातमी नणंदेच्या नवऱ्यानं उचलून धरली. नंदावे एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. तिथं नेमकं काय करत ते घरात कुणालाच कळलेलं नव्हतं, विचारलं की म्हणत, "समन्वय." गळ्यातली कंपनीची पट्टी ते जेवतानासुद्धा काढत नसत.

"वहिनी, सॉफ्टवेअर शिका," ते म्हणाले. "आजकाल कुणीही शिकतं."

"तुम्ही कुठं शिकलात, भाऊजी?"

"माझं वेगळं. मी समन्वयात आहे."

सासूबाईंना हे पटलं नाही. सासूबाई नाराज झाल्या की कवळी काढून पेल्यात ठेवत, आणि मग दिवसभर बोलणं बंद. कवळी सुनेच्याच हातची, त्यामुळे निषेधाला वजन यायचं. तीन दिवस पेला खिडकीत राहिला. चौथ्या दिवशी त्यांनी दात बसवले ते फक्त एवढं विचारायला, "या वयात दप्तर घेऊन जाणार? लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या तोंडाचं ती बघेल," नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला. "निम्म्यांची तिनंच केलीयेत."

तर अशी ती, बेचाळिसाव्या वर्षी, चपलांच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन पोचली. दारावर पाटी, 'सहा महिन्यांत सॉफ्टवेअर डेव्हलपर'. पाटीखाली यशस्वी विद्यार्थ्यांचे हसरे फोटो. सवयीनं तिची नजर दातांवर गेली आणि तिथंच अडकली. चेहरे अकरा होते, हसू एकच होतं. कुणीतरी एक चांगला जबडा बघून तो सगळ्यांना लावला होता.

"पालक डावीकडे बसा," दारावरचा रखवालदार म्हणाला.

"मी शिकायला आलेय."

त्यानं तिच्या मागं बघितलं, खरा विद्यार्थी कुठं लपलाय की काय म्हणून. मग नाइलाजानं बाजूला झाला.

वर्गात एकोणीसजण. बाकीचे अठरा असे, की त्यांचे दुधाचे दात पडून फार दिवस झाले नव्हते. शिकवणारा सर चोविशीचा, घाईचा, बोटांत सतत मार्कर फिरवणारा. प्रत्येक वाक्यानंतर तो "समजलं ना?" म्हणे आणि उत्तर यायच्या आत पुढं जाई. त्याची शिकवण्याची रीत सोपी होती. मोठ्या पडद्यावर कोड दाखवायचा. मुलांनी तो जसाच्या तसा आपल्या पडद्यावर उतरवायचा. चालला तर टाळ्या. नाही चालला तर सर म्हणे, "तुमच्या मशीनमध्ये प्रॉब्लेम आहे," आणि शेजारच्याकडून पूर्ण फाइल घ्यायला सांगे.

"सर, हे असं का लिहायचं?" तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"असंच असतं, मॅडम."

"पण का?"

"मॅडम, नोकरी हवीय की उत्तर?"

वर्ग हसला. तिनं वहीत प्रश्न लिहून ठेवला आणि घरी जाऊन चार रात्री त्याच्याशी झटापट केली. सासूबाई दारातून बघत आणि मान हलवून निघून जात. पाचव्या रात्री उत्तर सापडलं, तेव्हा तिला ते एकटीला ठेवता येईना. तिनं नवऱ्याला उठवून सांगितलं. तो म्हणाला, "छान," आणि कूस बदलली.

हळूहळू तिला त्या भाषेत गोडी लागली. उघडलेला कंस मिटवावाच लागतो, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. वरचा जबडा आहे तिथं खालचा हवाच, आणि दोघांची गाठ नेमकी पडायला हवी. कणभर उंच राहिलं की सगळं तोंड दुखतं. इतरांच्या पानभर कोडमध्ये कुठं काय उंच राहिलंय ते तिला नुसतं वरून नजर फिरवून दिसायचं. तिसऱ्या महिन्यापर्यंत अठराच्या अठराजण तिला "मावशी" म्हणायला लागले होते आणि सरची पाठ वळली की लॅपटॉप घेऊन तिच्या बाकाशी रांग लावत होते. दवाखान्यातल्यासारखीच. फक्त गाल धरलेले नसायचे.

शेवटी आली प्रोजेक्टची वेळ. संस्थेची प्रथा अशी, की सगळ्यांनी एकच प्रोजेक्ट करायचा: ग्रंथालय. गेली चार वर्षं तोच. त्यात एक वाचक होता, त्याचं नाव अबक. अबक पुस्तक घेई, अबक पुस्तक परत करी, आणि पडद्यावर फुगे उडत. परत करण्याचं बटण दोनदा दाबलं तर एका पुस्तकाची दोन होत. हा दोष सगळ्यांना ठाऊक होता. सरचा तोडगा तयार होता, "दाखवताना एकदाच दाबा."

तिनं ग्रंथालय केलं नाही. तिनं कवळ्यांची नोंदवही केली. कुणाचा ठसा कधी घेतला, दातांचा रंग कुठला, मेणात दात बसवून बघायची फेरी कधी झाली, आणि शेवटी 'काम पूर्ण' असं बटण. ते दाबलं की आधी तीन प्रश्न येत. बोलून बघितलं का? हसून बघितलं का? चावून बघितलं का? तिन्हींना 'हो' आल्याशिवाय काम पूर्ण होत नसे.

सरनं पडदा बघितला आणि मार्कर फिरायचा थांबला.

"मॅडम, हे बटण खाली सरकलंय."

"मुद्दाम ठेवलंय. सगळी एका रेषेत असली की खोटी दिसतात."

"मॅडम," सर फार सोशिकपणानं म्हणाला, "हे बटण आहे. दात नाही."

तिनं खुर्ची मागं घेऊन लांबून बघितलं. पडद्यावर ते बटण पडायला आलेल्या दातासारखं दिसत होतं. पोरगं बरोबर बोलत होतं. तिनं मुकाट्यानं ते ओळीत आणलं.

"आणि हे प्रश्न काढा."

"ते नाही काढणार."

"लोकांना एका बोटात काम हवं असतं. परवा कंपनीचे लोक येणार. शंभर गोष्टी बघतात ते. तुम्ही आपलं ग्रंथालय घ्या, मी फाइल देतो, तुमचं नाव टाका. मॅडम, मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय. कंपनी एकच आहे. त्यांनी नाही म्हटलं तर माझ्याकडे दुसरी नाही."

तिच्याकडेही दुसरं काही नव्हतं. वर्षअखेर नऊ दिवसांवर आली होती. दवाखान्यात पत्त्यांच्या चिकटपट्ट्यांचं खोकं येऊन पडलं होतं, तिच्याच टेबलावर, मेणाच्या पट्ट्यांना रेटून. तिनं सरची फाइल पेनड्राइव्हवर घेतली. नाही म्हणायचं धाडस झालं नाही.

कंपनीकडून तिघं आले. कागद सांभाळणारी एक बाई, मान खाली घालून टाइप करणारा एक तरुण, आणि मधल्या खुर्चीत साठीचे साहेब. साहेबांसमोर अबकनं सकाळीच तेच पुस्तक परत करायला सुरुवात केली. पहिल्यांदा फुगे उडाले तेव्हा साहेबांनी मान डोलावली. पाचव्यांदा घड्याळ बघितलं. अकराव्यांदा त्यांनी विचारलं, "हा अबक दुसरं काही वाचतो का?"

"सर, तो सँपल डेटा आहे," मुलगा म्हणाला.

सगळ्यांचं बघायची मुभा होती, म्हणून ती मागच्या रांगेत बसली होती. अबकचं तिला पाठच झालं होतं. तिची नजर साहेबांच्या तोंडावर होती. ते 'स' म्हणाले की बारीक शीळ वाजत होती. दर दोन वाक्यांनी पाणी पीत होते, आणि घोट घेताना जिभेनं वरची बाजू दाबून धरत होते. बोलताना एक हात तोंडाजवळ, विचारात पडल्यासारखा. हा विचार नव्हे, हे तिनं लगेच ओळखलं. वरची कवळी सैल आहे. आणि कुणीतरी ती हातात देऊन 'झालं' म्हणून मोकळा झालाय.

तिचा नंबर शेवटचा. पेनड्राइव्ह खिशात होता. पुढं जाताना सर कुजबुजला, "मॅडम, एकदाच दाबा हां."

ती लॅपटॉपसमोर बसली. पेनड्राइव्ह खिशातच राहिला. तिनं आपली नोंदवही उघडली. मागं सरनं डोळे मिटून घेतले.

पडद्यावर पुस्तकाऐवजी जबडा बघून टाइप करणाऱ्या तरुणानं सकाळपासून पहिल्यांदा मान वर केली. तिनं ठसा दाखवला, रंग दाखवला, मेणाची फेरी दाखवली. 'काम पूर्ण' दाबलं. तीन प्रश्न आले.

"हे कशासाठी?" साहेबांनी विचारलं. शीळ वाजली. "लोकांना एवढा वेळ नसतो, बाई. एका बोटात व्हायला हवं."

आणि तिथं तिचं चुकलं. एकोणीस वर्षांची सवय, मुलाखतीच्या नऊ मिनिटांत कुठं सुटणार? समोर माणूस होता, त्याच्या तोंडात कवळी होती, ती सैल होती. बाकी सगळं तिला दिसेनासं झालं.

"तुम्हाला हे तीन प्रश्न कुणी विचारले असते," ती म्हणाली, "तर आज तोंडावर हात ठेवून बोलावं लागलं नसतं. वरची सैल आहे ना? मागून, उजवीकडं?"

कागदवाल्या बाईच्या हातातला कागद हवेत राहिला. अठरा तोंडं उघडी, फळीवरच्या प्लास्टरसारखी. साहेबांचा हात तोंडावरून खाली आला, पुन्हा वर गेला, आणि मग कुठं जावं ते न कळून टेबलावर पडला.

"बाहेर थांबा," ते म्हणाले.

बाहेर सरनं तिला जिन्याच्या कोपऱ्यात गाठलं. "मॅडम, चार वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. माणूस नोकरी मागायला जातो. दात काढायला नाही."

"मी काढले नाहीत. सैल आहेत एवढंच म्हटलं."

"त्याला काय अर्थ आहे, मॅडम? अठराजण लागले, नावं यादीत चढलीसुद्धा. अठरा. एकोणीस झाले असते तर मी पाटीवर शंभर टक्के लिहिणार होतो."

ती पायरीवर बसली. डोळ्यांपुढं ते खोकं आलं, पत्त्यांचं. आपण काय केलं ते आता हळूहळू कळत होतं, भूल उतरल्यावर ठणका कळावा तसं. नवऱ्याला काय सांगायचं, सासूबाई किती दिवस दात पेल्यात ठेवतील, नंदावे कसं म्हणतील, "वहिनी, समन्वय कमी पडला." तिला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच ओलं झालं.

जेवणाच्या सुटीत बाकीचे दोघं खाली गेल्यावर साहेबांनी तिला आत बोलावलं. त्यांच्यासमोर डबा उघडा होता. भाताचं मऊ खिमट, आणि कुणी हौसेनं दिलेलं सफरचंद, न चावलेलं.

"दार लावून घ्या," ते म्हणाले. मग सफरचंद बाजूला सरकवलं. "दोन वर्षं झाली. तिघांना दाखवलं. तिघंही म्हणतात, सवय होईल. तुम्ही नीट करून द्याल?"

"द्यायला काय, देईन."

"मग तुमचं काम झालं समजा. सोमवारी पत्र घेऊन जा."

तिनं पदर खांद्यावर सारखा केला. हो म्हणायला काय लागतं? जीभ टाळूला लागून परत आली.

"साहेब, दातांचं मी अशीच बघेन. त्यासाठी नोकरी नको. नोकरी द्यायची तर हे बघून द्या," आणि तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. "अजून कुणी चालवलंच नाही. मीच बटणं दाबत होते."

साहेब जरा गोंधळले. मग खुर्ची पुढं ओढली. बोट हळूहळू अक्षरांवरून फिरलं. त्यांनी स्वतःचीच नोंद केली. वरची कवळी. दोन वर्षांपूर्वी. काम पूर्ण. प्रश्न आले. त्यांनी एक चोरटी नजर तिच्याकडे टाकली आणि तिन्हींना 'हो' केलं.

काम पूर्ण झालं नाही. खाली एक नवी ओळ उमटली: कोणासमोर?

"हे काय?"

"'हो' सगळेच म्हणतात. घाईत असतात, लाजतात. म्हणून विचारते, कोणासमोर बोललात, कोणासमोर हसलात. नाव टाकल्याशिवाय पुढं जात नाही."

साहेबांचं बोट हवेत थांबलं. त्यांनी काहीतरी लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं.

"दोन वर्षांत मी कुणासमोर हसलो नाही," ते म्हणाले, आणि या वेळी हात तोंडावर नव्हता. शीळ स्पष्ट वाजली. त्यांनी ती वाजू दिली.

मग त्यांनी खोदून खोदून विचारायला सुरुवात केली. ही अट कुठं लिहिली, नाव रिकामं ठेवलं तर काय होतं, दोनदा दाबलं तर. ती एकेक ओळ उघडून दाखवत गेली. एका ठिकाणी त्यांनी चूक काढली, तारीख उलटी टाकली तरी चालत होती. तिनं तिथंच बसून दुरुस्त केली. ते बघत होते तिच्या बोटांकडे. सुटी संपून तरुण परत आला, तर दोघं तारखेवरून वाद घालत होते आणि भात गार झाला होता.

"आपल्या दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरवर ही बसेल," साहेब त्याला म्हणाले. "तीन महिने बघू. कोड लिहायला. दुसरं काही नाही."

तरुणानं ते टाइप केलं.

"सोमवारपासून या."

"सोमवारी नाही जमणार," ती म्हणाली. "एका आजींची खालची कवळी द्यायची राहिलीय. मंगळवारी येते."

तरुणाची बोटं थांबली. त्यानं साहेबांकडे बघितलं. "मंगळवार लिही," साहेब म्हणाले.

ती जिन्यात आली तर सर तिथंच उभा होता, मार्कर फिरवत. बातमी त्याच्याआधी पाटीपर्यंत पोचली असावी. कुणीतरी शिडी आणायला गेलं होतं.

"मॅडम, अभिनंदन. मी म्हणतच होतो." त्यानं आवाज खाली आणला. "तुमचा तो प्रोजेक्ट मला द्याल? पुढच्या बॅचला ग्रंथालय बंद करतो. सगळ्यांना कवळीच देतो. एकोणीसच्या एकोणीस."

"घ्या की," ती म्हणाली. "पण ते प्रश्न नुसते उतरवून नाही चालणार. त्याआधी प्रत्येकाला एका तरी माणसासमोर बसावं लागेल."

सरनं लगेच वही काढली.

"हो, हो. ते कुठल्या फाइलमध्ये आहे?"